कार्दामिली: गोट्यांचा किनारा, डोंगराची सावली आणि चार दिवसांचं गणित

सप्टेंबरात सकाळी साडेसातला ग्रीसमधल्या कार्दामिलीच्या किनाऱ्यावर गेलात, तर ऊन सापडणार नाही. आकाश उजळलेलं असतं, समोरचं मेसिनियाचं आखात निळं दिसत असतं, पण गाव अजून सावलीत असतं. पूर्वेला टायगेटोस डोंगर उभा आहे, त्याचं टोक २,४०० मीटरच्या वर जातं आणि सूर्याला तो ओलांडून यावं लागतं. संध्याकाळी उलट होतं. किनारा पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे सूर्य समुद्रात बुडेपर्यंत ऊन हटत नाही. इथला दिवस कसा घालवायचा हे या दोन गोष्टींवर ठरतं, आणि तिसरी गोष्ट म्हणजे दुपारचा वारा. हे तीन धरून आखणी केली की चार दिवस पुरतात. नाहीतर आठवडाही अपुरा पडतो.

कार्दामिली हे दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनीजच्या मानी भागातलं छोटं दगडी गाव, कालामाता शहराच्या आग्नेयेला साधारण ३५ किलोमीटरवर. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्यात योद्धा आकिलीजचा राग घालवण्यासाठी राजा आगामेम्नॉन सात गावं आंदण देऊ करतो, त्या यादीत या गावाचं नाव आहे, आणि ते नाव आजही तेच आहे. मऊ वाळूची पुळण हवी असेल तर मात्र हे गाव तुमचं नाही. इथं गोटे आहेत. वाळू आठ किलोमीटर पुढे स्टूपाला मिळते, त्याबद्दल खाली येतंच.

कधी जायचं

मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत, किंवा सप्टेंबरची सुरुवात ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. मेमध्ये डोंगर हिरवा आणि रानफुलांनी भरलेला असतो, पण पाणी १९-२० अंशांच्या आसपास, म्हणजे अंग चोरतच उतरावं लागतं. सप्टेंबरात पाणी पंचवीसच्या घरात असतं आणि डोंगर सुकलेला. पोहणं महत्त्वाचं असेल तर सप्टेंबर, चालणं महत्त्वाचं असेल तर मे. ऑगस्ट टाळा. १५ ऑगस्टला मारियामातेचा सण असतो, त्या आठवड्यात अर्धं अथेन्स समुद्रावर लोटतं आणि खोल्यांचे भाव चढतात. नोव्हेंबरपासून पाऊस आणि ऑलिव्हची तोडणी सुरू होते. तेव्हा गाव आपल्या कामात असतं आणि बरीचशी खानावळी-हॉटेलं बंद.

भारतातून निघताना

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघायच्या किमान १५ दिवस आधी द्यावा लागतो. या १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका, उन्हाळ्यात अर्ज द्यायची वेळ मिळवण्यातच आठवडे जातात. प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी ४५. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा आणि दोन कोरी पानं असलेला लागतो.

गाडी भाड्यानं घेणार असाल तर निघण्याआधी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो एक वर्ष चालतो आणि अर्ज सारथी पोर्टलवरून करता येतो. आपला नेहमीचा परवाना इंग्रजीत असला तरी ग्रीसमध्ये तेवढ्यावर भागत नाही. इथून गेल्यावर तिकडे तो काढता येत नाही, आणि भाड्याच्या गाडीच्या काउंटरवर हे लक्षात येणारे कमी नसतात.

गावापर्यंत

अथेन्स ते कालामाता सुमारे २४० किलोमीटर, सगळा टोलचा द्रुतगती मार्ग, अडीच-तीन तास. बसनं जायचं तर अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून केटेल कंपनीची बस कालामाताला जाते. तिथून मानीकडे जाणारी दुसरी बस घ्यायची, ती कार्दामिली करून स्टूपाकडे जाते. या दुसऱ्या बसच्या दिवसाला मोजक्याच फेऱ्या असतात, रविवारी आणखी कमी, आणि वेळापत्रक हंगामानुसार बदलतं. म्हणून कालामाताला उतरल्या उतरल्या आधी खिडकीवर परतीच्या वेळाही विचारून घ्या. शेवटची बस चुकली की टॅक्सीशिवाय इलाज नाही.

कालामाता सोडल्यावर रस्ता समुद्र सोडून डोंगर चढतो. ३५ किलोमीटरला पाऊण ते एक तास लागतो, कारण वळणं. आंबा घाट चढलेल्या माणसाला यात नवं काही नाही. नवं आहे ते डावं-उजवं. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं. चूक होते ती भर रहदारीत नाही, तिथं पुढच्याच्या मागं जाता येतं. चूक होते रिकाम्या रस्त्यावर, पेट्रोल भरून किंवा किनाऱ्यावरून परत रस्त्यावर येताना. हात सवयीनं डावी बाजू धरतात. सोबत बसणाऱ्यानं प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे’ असं मोठ्यानं म्हणायचा नियम ठेवा, पहिले दोन दिवस तरी. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर महिनाभर आधी सांगा, बहुतेक गाड्या हातगिअरच्या असतात. आणि विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ धरलाय का, हे वाचून घ्या. किनाऱ्याकडे उतरणाऱ्या कच्च्या वाटांवर नुकसान नेमकं तिथंच होतं.

कोस्कारास घळीवरचा पूल या रस्त्यात लागतो. गाडी पुलावर नाही, पलीकडे जागा बघून थांबवा. शेवटच्या उतारावर गाव, बंदर आणि समोरचं मेरोपी बेट एकदम खाली दिसतं. गावात मुख्य रस्ता एकच, तो दुकानांमधूनच जातो आणि दोन गाड्या जेमतेम मावतात. खोली घेतानाच गाडी लावायची जागा आहे का ते विचारा.

किनारे, उत्तरेकडून दक्षिणेकडे

गावाला लागून उत्तरेला रित्सा. चालत दहा मिनिटं. लांब, मोकळा, गोट्यांचा, मागं ऑलिव्हची झाडं. रोजच्या पोहण्याला हाच बरा, कारण गाडी काढावी लागत नाही.

गोट्यांच्या किनाऱ्यावर पाण्यात उतरायची एक रीत आहे, ती कोकणच्या वाळूत वाढलेल्यांना ठाऊक नसते. काठाजवळ लाटांनी गोट्यांची उतरती पायरी केलेली असते. तिच्यावर उभं राहिलात की पायाखालचे गोटे घरंगळतात, तोल जातो, आणि नेमकी त्याच वेळी गुडघ्याएवढी लाट येते. म्हणून रबरी तळाचे पाण्यातले बूट घाला, लाट परतली की दोन-तीन पावलं झपझप टाका, आणि कमरेइतकं पाणी लागताच अंग सोडून द्या. उभं राहून ‘सवय होऊ दे’ म्हणत थांबायचं नाही. बाहेर येताना उलट: लाटेवर तरंगत काठापर्यंत या, बसकण मारा, ती ओसरली की हात टेकून उठा. चार-पाच पावलांतच पाणी डोक्यावर जातं, म्हणून पोहता न येणाऱ्या मुलांना इथं लाटांत खेळायला सोडू नका. त्यांना स्टूपाला न्या.

भरती-ओहोटीचं गणित मात्र विसरा. आपल्याकडे तिथी बघून समुद्रावर जातात. इथं पाण्याची पातळी दिवसभरात काही सेंटिमीटरच हलते. सकाळी ठेवलेली चटई संध्याकाळीही कोरडीच. बघायचं ते वाऱ्याकडे. उन्हाळ्यात सकाळी समुद्र ताटासारखा असतो, दुपारी एक-दोनच्या सुमारास पश्चिमेकडून वारा सुटतो, पाणी खडबडीत होतं आणि सूर्यास्ताच्या आधी पुन्हा निवतं. पाण्याखाली बघायचं असेल तर दहा ते एक. दक्षिणेचा वारा सुटला असेल, हवा दमट आणि धुरकट झाली असेल, तर लाटा मोठ्या येतात. त्या दिवशी डोंगरात जा.

दक्षिणेला दीड-दोन किलोमीटरवर कालामित्सी, सरूच्या आणि ऑलिव्हच्या झाडांखालचा लहानसा गोटेरी किनारा. सावली भरपूर, दुकान नाही. पाणी आणि खाणं सोबत न्या. याच बाजूला ब्रिटिश लेखक पॅट्रिक ली फर्मर यांचं घर आहे. २०११ मध्ये ते वारल्यावर घर अथेन्सच्या बेनाकी संग्रहालयाकडे आलं. आत जायचं तर संग्रहालयाशी आधी वेळ ठरवूनच. दारात जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही.

पुढे फोनेआस. नावाचा अर्थ ‘खुनी’, किनारा मात्र सगळ्यांत देखणा: दोन कड्यांमधली छोटी खाच, पांढरे गोटे आणि मधोमध पाण्यात उभा एक मोठा खडक. पोरं त्यावरून उड्या मारतात. तुम्ही मारणार असाल तर आधी पोहण्याचा चष्मा लावून त्या खडकाभोवती पोहून तळ बघा. वर रस्त्याकडेला गाड्यांना जागा थोडी, उन्हाळ्यात अकराच्या आत भरते. कड्यांमुळे सावली लवकर सरकते, म्हणून छत्री नसेल तर सकाळीच जा. खडकांवर काळे सागरी साळींदर, म्हणजे काट्यांचे गोळे, चिकटलेले असतात. पाऊल तिथं टेकू नका. काटा घुसलाच तर दाबून काढायला जाऊ नका, तो आत तुटतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय अर्धा तास बुडवा, बाहेर आलेलं टोक चिमट्यानं सरळ ओढा. सांध्यापाशी खोल गेला असेल तर डॉक्टर.

डेल्फिनिया फोनेआसहून मोठा, उतार जरा मवाळ. त्यानंतर येतात वाळूचे दोन किनारे, कालोग्रिया आणि स्टूपा. छत्र्या, खुर्च्या, कॉफी, सगळं. इथं पोहताना अचानक एखाद्या ठिकाणी थंडगार पाणी लागतं आणि चष्म्यातून सगळं थरथरल्यासारखं, तेल मिसळल्यासारखं धूसर दिसतं. घाबरू नका. टायगेटोसच्या चुनखडीत मुरलेलं पावसाचं आणि बर्फाचं पाणी आतल्या भेगांतून वाहत येऊन समुद्राच्या तळातून वर उफाळतं. गोडं आणि खारं पाणी मिसळताना प्रकाश वाकतो, म्हणून तो धूसरपणा. ऑगस्टच्या दुपारी लोक मुद्दाम त्या झऱ्यावर जाऊन तरंगतात. कालोग्रियाशी आणखी एक नाव जोडलेलं आहे: ‘झोर्बा द ग्रीक’ ही कादंबरी लिहिणारे निकोस काझानझाकिस यांनी १९१७ मध्ये जवळच्या प्रास्तोव्हाला दगडी कोळशाची खाण चालवायचा खटाटोप केला, तो योर्गोस झोर्बास नावाच्या मुकादमाला सोबत घेऊन.

ग्रीसमधले किनारे कायद्यानं सार्वजनिक आहेत. खुर्ची-छत्रीचे पैसे द्यावे लागतात, वाळूवर चटई टाकण्याचे नाहीत. खुर्चीवर बसण्याआधी दर विचारा, पहिल्या रांगेचा वेगळा असू शकतो.

जुनी कार्दामिली आणि डोंगराची वाट

हा या गावाचा खरा ऐवज, आणि किनाऱ्यासाठी आलेले बरेच जण तो न बघताच जातात. चौकापासून कोरड्या ओढ्याच्या बाजूनं पाच-दहा मिनिटं वर चालत गेलं की मुर्त्झिनोस घराण्याची गढी लागते. बुरूज, तटबंदी, धान्याच्या खोल्या, आणि मध्ये अठराव्या शतकातलं सेंट स्पिरिडॉनचं चर्च, उंच मजल्यामजल्यांच्या घंटाघरासह. चर्चच्या भिंती जवळून बघा: जुन्या इमारतींचे कोरीव संगमरवरी तुकडे त्यात बसवलेले आहेत. मानीतली घराणी एकमेकांशी वैर धरून असत, म्हणून घरं बुरजांची आणि खिडक्या हाताएवढ्या. १८२१ च्या जानेवारीत ग्रीक स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी थिओडोरोस कोलोकोत्रोनिस इथं येऊन मुर्त्झिनोसांकडे राहिला, आणि २३ मार्चला मानीच्या फौजांनी कालामाता तुर्कांकडून घेतलं. बुरुजातल्या संग्रहालयाची वेळ गावात विचारून मगच जा, दुपारनंतर ते उघडं असेलच असं नाही.

गढीच्या मागून दगडी पायवाट चढते. तिला तिथं कालदेरिमी म्हणतात. कोकणातली पाखाडी डोळ्यांसमोर आणा, फक्त जांभ्याऐवजी करड्या चुनखडीची. थोड्याच अंतरावर खडकात कोरलेली दोन थडगी आहेत, कास्टोर आणि पॉलिडेउकिस या जुळ्या देवांची म्हणून दाखवतात. तिथून वर आयिया सोफिया या वाडीपर्यंत तासाभराची चढण. वाडीतल्या चर्चपाशी बसून मागं बघा: गाव, बेट, आखात आणि पलीकडचा किनारा.

परत त्याच वाटेनं येता येतं, पण वीरोस घळीतून वळसा घालणं जास्त चांगलं. वाडीपासून वाट घळीच्या तळाकडे उतरते, तळातल्या कोरड्या पात्राशी सोतिरोस नावाचा जुना ओस मठ लागतो आणि तिथून पात्रातूनच खाली गावापर्यंत यायचं. सगळा वळसा तीन ते चार तास. क्रम हाच ठेवा, चढण पाखाडीनं आणि उतरण घळीतून. दोन कारणं. सकाळी पाखाडी डोंगराच्या सावलीत असते, तेवढ्यात चढून होतं. आणि या पाखाडीचे दगड शतकानुशतकांच्या खेचरांच्या खुरांनी गुळगुळीत झालेत. चढताना त्यांचं काही वाटत नाही, उतरताना पाय सटकतो.

सकाळी सातला निघा. माणशी दोन लिटर पाणी, कारण घळीत प्यायला काही मिळत नाही. घोटा धरणारे बूट, टोपी, थोडे खजूर-बदाम. पात्रात वाट अशी नसते, खडकांवरच्या रंगाच्या खुणा शोधत जायचं. दहा मिनिटं खूण दिसली नाही तर पुढे रेटू नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागं या. मोबाइलला तळात रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि कधी परतणार ते मुक्कामाच्या ठिकाणी सांगून जा. वर डोंगरात पाऊस झाला असेल किंवा ढग दाटले असतील, तर घळीत अजिबात उतरू नका; कोरडं पात्र बघता बघता वाहतं होतं. आणीबाणीचा क्रमांक ११२. उन्हाळ्यात वणव्याचा इशाराही याच क्रमांकावरून मोबाइलवर येतो, तो आला तर सांगतील त्या दिशेनं निघायचं.

दक्षिणेची एक दिवसाची फेरी

गाडी असेल तरच. स्टूपाच्या पुढे आयिओस निकोलाओस या कोळ्यांच्या बंदरावर सकाळची कॉफी, मग प्लात्सा, नोमित्सी, थालामेस ही डोंगरातली गावं. रस्त्याकडेला छोटी बायझंटाइन चर्चं आहेत, बरीच कुलूपबंद. किल्ली कुणाकडे ते कॉफीच्या दुकानात विचारायचं. पुढे लिमेनी, हिरवट निळ्या पाण्याची खाडी आणि काठाला दगडी घरं. तिथून आरेओपोली, आणि त्याच्याही पुढे दिरोसची गुहा. कार्दामिलीहून गुहेपर्यंत दीड तास धरा.

गुहेत सपाट तळाच्या होडीतून साधारण १,२०० मीटर नेतात आणि शेवटचा तुकडा चालत. डोकं वाकवायला लागतं, आत गारवा असतो, लहान मुलांनाही जमतं. तिकीट आधी काढा आणि सकाळी पहिल्यांदा गुहाच करा, गावं परतीच्या वाटेवर. उलट केलंत तर दुपारच्या रांगेत उभं राहाल आणि अंधारात घाट उतराल. आमच्या मते वेळ कमी असेल तर गुहा सोडा, लिमेनी सोडू नका.

खाणं

दुपारी तीन ते साडेपाच गाव झोपतं, आणि आवाज न करण्याचा तिथं नियमच आहे. रात्रीचं जेवण नऊला सुरू होतं. सातला गेलात तर जागा हमखास मिळते, समोर सूर्यास्तही.

शाकाहारी माणूस इथं उपाशी राहत नाही. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्ह तेल. गिगांतेस म्हणजे टोमॅटोत भाजलेले मोठे पांढरे वाल. होर्ता म्हणजे उकडलेली रानभाजी, लिंबू आणि तेल घालून. गेमिस्ता, भरली ढोबळी मिरची आणि टोमॅटो, मागवताना मात्र विचारा, भातात कधी खिमा असतो. ‘होरिस क्रेआस’, मांसाशिवाय, एवढं पाठ असू द्या. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं, त्यात मांस, दूध, अंडी नसतात. पण त्यांच्या उपासाला कोळंबी आणि माकूल चालतं! शुद्ध शाकाहारी असाल तर त्या शब्दावर विसंबू नका. मानीची खास चव म्हणजे लालांगिया, पिठाच्या वळ्या तेलात तळलेल्या, आणि स्फेला हे खारट चीज.

मासा मोठा असेल तर किलोनं विकतात. मेनूवरचा आकडा किलोचा असतो आणि तो ताटाचा समजून चार जण जेवले की बिल बघून घास अडकतो. पद्धत अशी: आत जाऊन बर्फावरचा मासा बोटानं दाखवायचा, समोर वजन करायला सांगायचं, एकूण किती ते विचारायचं आणि मग होकार द्यायचा. यात कुणालाही वावगं वाटत नाही. नावापुढे फुली किंवा तारा असेल तर तो गोठवलेला. स्वस्तात मस्त हवा असेल तर गाव्रोस घ्या, आपल्या मांदेलीच्या कुळातला, तळून शेपटीसकट खायचा.

होकारावरून आठवलं. ग्रीकमध्ये ‘ने’ म्हणजे हो, आणि ‘ओही’ म्हणजे नाही. मराठी कानाला ‘ने’ नकारासारखाच लागतो. त्यात भर म्हणजे डोकं किंचित मागं झुकवून जिभेनं ‘च्’ केलं तर ते नाही. खोली आहे का विचारल्यावर म्हातारी हसून ‘ने, ने’ म्हणाली, तर पाठ फिरवू नका. ती किल्लीच आणायला आत चालली आहे.